शर्यतीच्या दिवसाचा पलंग

ओर्तांस माकेच्या घरातली सगळ्यात चांगली खोली रस्त्याकडची. दोन मोठ्या खिडक्या, भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातली शेगडी, त्यामुळे ऐन थंडीतही ऊबदार. आणि त्या खोलीत कुणी झोपत नसे. तिची मुलगी ब्रिजित वरच्या मजल्यावर कुडकुडत मोठी झाली. ब्रिजितची मुलगी कोलीन सुट्टीत यायची, तीही वरच. "खालची खोली पाहुण्यांची आहे," एवढंच ओर्तांस सांगायची. मोटारींची शर्यत बंद झाल्यापासून त्या घरी पाहुणे आलेच नाहीत. त्याआधीचे पाहुणे कसे यायचे ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी समोरच राहते.

मी फेर्नांद. समोरचं कॅफे आधी माझ्या वडिलांचं, मग माझं, आणि आता कुणाचंच नाही, कारण मी ते बंद केलं. ओर्तांस माझ्याहून सहा वर्षांनी मोठी होती आणि हे तिने मला जन्मभर विसरू दिलं नाही. आम्ही भांडायचो खूप. माझं तोंड फटकळ आहे असं गाव म्हणतं. तिचं माझ्याहून फटकळ होतं, पण ती ते जपून वापरायची, म्हणून गावाला ती सोज्वळ वाटायची.

आमच्या ऑब्रेमोंमधून जाणारा रस्ता साधा सरकारी. त्यावरून दुधाची गाडी जाते, लाकडाचे ट्रक जातात. पण पूर्वी दर जूनमध्ये तो रस्ता आमचा राहत नसे. चार गावांना वळसा घालणाऱ्या त्या रस्त्याला आम्ही नुसतं 'फेरा' म्हणायचो, आणि फेऱ्यावरचं सगळ्यात वाईट वळण ओर्तांसच्या अंगणाच्या दगडी भिंतीला घासून जाई. वरून जंगलातला उतार, गाड्या जिवाच्या आकांताने सुटलेल्या, आणि झाडी संपली की एकदम घर. ज्यांनी रस्ता बांधला त्यांना शर्यतीचं स्वप्नसुद्धा पडलं नव्हतं, आणि ज्यांनी शर्यत भरवली त्यांना घरं दिसली नव्हती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी वळणावरच्या प्रत्येक घरात एक पलंग खाली आणून पुढच्या खोलीत मांडत. उकळून वाळवलेली चादर, दोन उशा, बादलीभर पाणी, जुन्या कपड्यांच्या फाडलेल्या पट्ट्या. घराचं पुढचं दार बिजागऱ्यांवरून उतरवून भिंतीला टेकवून ठेवायचं. गाड्या धावत असेपर्यंत अँब्युलन्सला रस्त्यावर येता येत नसे, आणि माणूस उचलून आणायला दाराच्या फळीसारखी दुसरी सोय नाही. हा नियम कुणी केला नव्हता. फक्त आधीच्या रविवारी फादर प्रवचन संपवता संपवता म्हणायचे, "बायांनो, चादरी झाल्या ना?" आणि बाया माना हलवायच्या.

रिवाज एकच होता. ज्या घरचा माणूस शर्यतीत असेल त्या घरात पलंग मांडायचा नाही. तो समोरच्या नाहीतर शेजारच्या बाईने मांडायचा. आपल्याच माणसासाठी आपल्या हाताने तसला पलंग घालणं म्हणजे मरणाला जेवायचं आमंत्रण देणं, असं आमच्या आया म्हणायच्या. मी हसायचे. पण तो रिवाज मोडल्याचं मी कधी पाहिलं नाही.

ओर्तांस लग्न होऊन त्या घरात आली ती एकवीस वर्षांची. नवरा नेस्तोर लाकूड कापायच्या कारखान्यात, माणूस शांत, इतका शांत की तो कॅफेत येऊन गेल्याचं मला नंतर त्याच्या रिकाम्या पेल्यावरून कळायचं. पहिल्याच वर्षी तिच्या पलंगावर एक इटालियन आला, पाय मोडलेला. तो आईच्या नावाने असा गळा काढून रडला की ओर्तांसला हसू आवरेना. पुढे कितीतरी नाताळ त्याच्याकडून मिठाईचा डबा येत राहिला. मग दोघं-तिघं आले, हात भाजलेला एक, बरगड्या मोडलेला एक. सगळे जगले. ती त्यांची धुणी धुवायची, त्यांच्या तोंडात सूप घालायची आणि मला सांगायची, "फेर्नांद, तुझ्या कॅफेपेक्षा माझ्याकडे गिऱ्हाईक जास्त."

मग तो स्वीडनचा मुलगा आला.

तो चालत आला. भिंतीवर गाडी आदळल्याचा आवाज झाला, मग ती शांतता पसरली जी वळणावरचे आम्ही सगळे लगेच ओळखायचो, आणि मी कॅफेच्या खिडकीतून पाहिलं तर तो उंच, पिवळ्या केसांचा पोरगा ओर्तांसच्या पायरीवर उभा राहून पायपुसण्याला बूट पुसत होता! उतरवून ठेवलेल्या दाराकडे बोट दाखवून तो काहीतरी म्हणाला आणि स्वतःच हसला. कॅफेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओर्तांसने त्याला खुर्चीत बसवलं, कॉफी दिली, तांदूळ-दुधाच्या गोड तार्तचा तुकडा दिला. त्याने तो संपवला आणि खुणेने साखर मागितली. तेवढ्यात डॉक्टर पायी पोचले, त्याचे डोळे पाहिले, पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या कुणाकडे गेले. थोड्या वेळाने मुलाने खुणेने सांगितलं की थंडी वाजतेय. जूनमध्ये. ओर्तांसने त्याला पलंगावर निजवला. त्याचं पोट फळीसारखं घट्ट झालं होतं. अंगावर रक्ताचा थेंब नव्हता, सगळं आत चाललं होतं. मी रस्ता ओलांडता येताच धावत गेले तर ती त्याचा हात धरून बसली होती आणि आमच्या गावच्या बोलीत त्याला सांगत होती, "झोप हं राजा. तुझी आई निघालीय. वाटेतच आहे, पोचेल इतक्यात." त्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तो गेला तेव्हासुद्धा ती तेच सांगत होती.

त्या दिवसापासून ओर्तांसचा उभ्या माणसावर विश्वास राहिला नाही. नेस्तोर एकदा शिडीवरून घसरला, उठला, पँट झटकली, तर बाईने त्याला संध्याकाळपर्यंत आडवा ठेवला. कोलीन लहानपणी सायकलवरून पडली तेव्हा तिला मांडीवर घेऊन दुपारभर तिचं पोट चाचपत बसली. मी बर्फावर आपटले तर मलाही सोडलं नाही. मी ओरडले, "अगं, पोटात सूप आहे, दुसरं काही नाही!" ती म्हणाली, "तोही हसतच होता."

पुढे शर्यत बंद झाली. इतकी माणसं गेल्यावर कधीतरी ती बंद व्हायचीच होती. घराघरांतले पलंग परत वर गेले. ओर्तांसने मात्र आपला पलंग हलवला नाही. गादी गुंडाळून वर चढवली, नुसता सांगाडा त्या चांगल्या खोलीत राहू दिला आणि खोलीचं दार ओढून घेतलं. मी विचारलं, "कशाला ठेवतेस?" ती म्हणाली, "परक्याचं पोर त्यावर गेलं, फेर्नांद. आता त्यावर माझं कुणी झोपायला नको. देवाकडे माझं तेवढंच मागणं आहे." ती फार देव-देव करणारी नव्हती. पण हे तिने मनापासून मागितलं होतं.

आणि मग देवाने काय केलं, तर कोलीनला गाडी चालवायला शिकवलं.

रक्तातच होतं म्हणे. कुणाच्या रक्तात? नेस्तोर सायकलसुद्धा पायी ढकलत न्यायचा. ब्रिजितला अजून रस्ता ओलांडताना धडकी भरते. पण पोरीला दहाव्या वर्षी तिच्या बापाने लिएज शहरातल्या एका बंदिस्त मैदानावर छोट्या गाडीत बसवलं आणि ती बसली ती बसलीच. विशीत तिला पगार मिळू लागला, शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या लोकांनी तिला नेमलं. ओर्तांस एकही शर्यत बघायची नाही. दर रविवारी संध्याकाळी फोन वाजेपर्यंत मात्र जेवायची नाही.

"पहिली आले, बोबोन!" पोरगी फोनवर ओरडायची. आमच्याकडे आजीला बोबोनच म्हणतात.

"जेवलीस का?" ओर्तांस विचारायची.

गेल्या वर्षी हिवाळ्यात पंचायतीच्या सभागृहात सभा झाली. शहरातून एक पोरगा आला होता, गळ्यात ओळखपत्र, हातात पडदा असलेली पाटी, पायात असले पांढरे बूट की आमच्या चिखलाचीच मला कीव आली. त्याने सांगितलं की जूनमध्ये आजच्या काळातल्या शर्यतीच्या गाड्या पुन्हा जुन्या फेऱ्यावर धावणार. एकमेकींशी नाही, घड्याळाशी. एकेक गाडी सोडायची आणि जुन्या काळच्या वेळेपुढे आजची वेळ मांडायची. गाव खूश झालं. बेकरीवाल्याने तिथल्या तिथे विचारलं की माणसं किती येतील.

ओर्तांसने हात वर केला. "आमच्या वळणावरची भिंत काढणार का?"

"नाही मादाम, वारसा आहे तो. भिंतीपुढे नवा कठडा येईल. डॉक्टर, हेलिकॉप्टर, सगळी व्यवस्था आहे. तुम्ही निर्धास्त राहा."

"म्हणजे भिंत आहे तिथेच आहे," ओर्तांस म्हणाली आणि खाली बसली.

"आमच्यासाठी जुन्या आठवणी सांगाल का, कॅमेऱ्यापुढे?" पोरगा गोड हसून म्हणाला.

"बाळ, आधी बूट पूस," मी म्हणाले. सभागृह हसलं. ओर्तांस हसली नाही.

वसंतात कोलीन आली. मी तिथेच होते, बटाटे सोलत. ओर्तांसच्या स्वयंपाकघरात बसलं की हातात काहीतरी सोलायला मिळतंच. पोरगी टेबलाशी बसली, तार्तचा मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि म्हणाली, "बोबोन, जूनमध्ये मी येतेय."

"मग ये की. कधी नको म्हटलं?"

"गाडी घेऊन. फेऱ्यावर. मला निवडलंय. गावचीच मुलगी म्हणून माझे फोटो सगळीकडे लावणार आहेत."

ओर्तांसने सुरी खाली ठेवली. "नाही म्हण."

"अगं, मी लहानपणापासून या खिडकीतून तो रस्ता बघतेय."

"म्हणूनच नाही म्हण."

"बोबोन, ऐक. आताच्या गाड्या तशा नसतात. सगळी गाडी फुटते, तुकडे होतात, पण मी बसते तो आतला सांगाडा तसाच राहतो. ती फुटायलाच बनवलेली असते. माझ्याबरोबरचा एक जण झाडावर आदळला, दुसऱ्या दिवशी पोहायला गेला!"

"गाडी शहाणी झाली असेल," ओर्तांस म्हणाली. "भिंत तीच आहे."

कोलीन माझ्याकडे वळली. "मावशी, तू तरी सांग हिला."

मी सांगितलं. म्हणजे मला वाटत होतं तेच मी बोलले, की पोरीचं काम आहे ते, आणि जग आपल्या दोघींना विचारून पुढे जात नाही. ओर्तांसने पुन्हा बटाटा हातात घेतला आणि सालीबरोबर निम्मा बटाटा कापून टाकला.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली, हातावर घडी केलेली चादर. उकळलेली, इस्त्री केलेली, कडक. "पलंग तुला मांडावा लागेल," ती म्हणाली. "माझ्या घरात चालणार नाही. माझी आहे ना शर्यतीत."

"ओर्तांस, हेलिकॉप्टर आहे त्यांच्याकडे."

"चादर धर."

"लोक हसतील."

"तुला कधीपासून लोकांची पडली?"

मी कुरकुरले, पण मांडला. पुतण्याला बोलावून पलंग खाली आणला, त्याच्याकडून दारही उतरवून घेतलं. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. वळणावर दुसऱ्या कुठल्याही घरात पलंग नव्हता. ते करणाऱ्या बाया आता कब्रस्तानात होत्या, आणि त्यांच्या सुनांना हे माहीतही नव्हतं. ओर्तांसने स्वतः चादरीचे कोपरे खोचले, उशी थोपटली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला कितीतरी दिवसांनी जरा शांतता दिसली. तिच्या परीने तिने पोरीसाठी करायचं ते सगळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच तिच्याकडे जाऊन बसले. एकदा रस्ता बंद झाला की ओलांडता येत नाही, नेस्तोर केव्हाच वारला होता, आणि तिला एकटीला सोडायची माझी छाती नव्हती. गेली काही वर्षं तिचं हृदय कुरबुर करत होतं, गोळ्या चालू होत्या. बाहेर कठड्याच्या मागे माणसंच माणसं, बेकरीवाल्याचा तंबू, झेंडे, आणि विजेच्या खांबावर कोलीनचा हसरा फोटो. ओर्तांसने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. तिला पाहायचं नव्हतं. तिला ऐकायचं होतं.

त्या काळी आम्ही गाड्या ऐकूनच ओळखायचो. जंगलातून गुरगुर यायची, उतारावर ती चढत जायची, मग वळणाआधी क्षणभर आवाज पडायचा, कारण चालवणारा पाय उचलायचा. तो आवाज पडला नाही तर आम्ही बाया उभ्या राहायचो. नव्या गाड्यांचा आवाज निराळाच, शिट्टीसारखा, आणि वळणाआधी तो पडतच नाही. पहिली गाडी आली तेव्हा ओर्तांस खुर्चीतून ताडकन उठली. गाडी सुखरूप निघून गेली. दुसरी आली, ती पुन्हा उठली. "अगं, त्यांना पाय उचलावाच लागत नाही आता," मी तिला खाली ओढत म्हणाले. "बस." ती बसायची आणि पुन्हा उठायची. कोलीनची गाडी कितवी आहे ते मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही.

कोलीनची आली तेव्हा तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि माझा दंड धरला. शिट्टी उतारावरून खाली येत गेली आणि एकदम तुटली. मग जो आवाज झाला त्याने फडताळातल्या बशा खाली आल्या. आणि मग ती शांतता.

मी खिडकी उघडली. कठडा वाकून भिंतीला टेकला होता आणि गाडी म्हणावं असं काही उरलं नव्हतं. चाकं रस्त्याच्या पलीकडे माझ्या कॅफेच्या दारात, तुकडे जिकडेतिकडे. मधे नुसती एक काळी पेटी पडली होती. मी मागे पाहिलं तर ओर्तांस खोलीत नव्हती.

ती पुढच्या खोलीत होती. तिने बंद दार उघडलं होतं आणि कपाटातून रजई ओढून ती त्या उघड्या पलंगावर अंथरत होती. गादी नाही, काही नाही, फळ्यांवर रजई. "ओर्तांस, तू नको," मी म्हणाले. रिवाज माझ्याच तोंडून बाहेर पडला. ती म्हणाली, "तुझ्याकडे नेता येणार नाही, रस्त्यावर काचा आहेत."

बाहेर एकदम लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटीतून कोलीन बाहेर आली होती. तिने शिरस्त्राण काढलं, हात हलवला, धावत आलेल्या माणसांना बाजूला सारलं आणि सरळ घराकडे आली. आपल्या पायांनी चालत. चेहरा लालबुंद, ओठांवर हसू. "बोबोन! बघ, काही झालं नाही! बघ ना!"

मला रडू आलं. मी तिला मिठीच मारली. ओर्तांसने मात्र तिचा हात धरला आणि पलंगाकडे नेलं. "आडवी हो."

"अगं, मी ठीक आहे."

"हो का? आडवी हो आधी."

मागोमाग डॉक्टर आली, तरुण बाई, मोठी पेटी घेऊन. तिने त्याच पलंगावर कोलीनला तपासलं, मान, डोळे, पोट, नाडी, सगळं नीट आणि सावकाश. त्यात काही कमी होतं असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, "मादाम, तुमची नात ठणठणीत आहे. तरी नियमाप्रमाणे आतले फोटो काढायला न्यावं लागेल. रस्ता साफ झाला की अँब्युलन्स दाराशी येईल." आणि ती निरोप द्यायला पायरीवर गेली.

"त्या डॉक्टरनेही पाठ थोपटली होती," ओर्तांस माझ्याकडे पाहत म्हणाली. तिचा रंग मला राखेसारखा दिसला. मी म्हणाले, "गोळी घेतलीस का?" ती म्हणाली, "नंतर." तिने खुर्ची पलंगाला लावली, कोलीनचं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि बसली. मी कॉफी करायला स्वयंपाकघरात गेले, कारण अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही. दार उघडंच होतं. मला त्या दोघी ऐकू येत होत्या.

"बोबोन, माझा हात मोडशील."

"थंडी वाजतेय का?"

"नाही गं."

"पोट दुखतंय?"

"नाही. भूक लागलीय."

"तोही खाऊन गेला." मग तिचा आवाज बदलला, इतका मऊ झाला की माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "झोप हं राणी. तुझी आई निघालीय. वाटेतच आहे. पोचेल इतक्यात."

कोलीनला त्या शब्दांचं काय माहीत? तिला स्वीडनच्या मुलाबद्दल कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं म्हातारी घाबरलीय, तिच्या मनासारखं करावं. "बरं, बोबोन," ती म्हणाली. "झोपते. हे बघ, डोळे मिटले."

बाहेर माणसं रस्ता झाडत होती. मी तीन कप भरले, साखर घेतली आणि आत गेले. कोलीन डोळे मिटून निवांत पडली होती, हसत होती थोडी. ओर्तांस तिच्याकडे पाहत बसली होती. अँब्युलन्स दाराशी थांबल्याचा आवाज आला.

"आले बघ ते," कोलीन डोळे न उघडता म्हणाली. "सोड आता हात."

हात सुटला नाही.

जंगलापलीकडे हेलिकॉप्टर उभं होतं, दाराशी अँब्युलन्स, खोलीत डॉक्टर, जवळ नाना यंत्रं. सगळं जिच्यासाठी आणलं होतं ती उठून उभी राहिली, आणि सगळं त्या म्हाताऱ्या बाईवर लावून पाहिलं गेलं. त्यांनी तिला जमिनीवर घेतलं आणि खूप प्रयत्न केले. तरुण डॉक्टरच्या कपाळावरून घाम टपकत होता. मी कपांचं तबक हातात धरून उभी होते. ब्रिजित लिएजहून निघाली होती, कारण अपघाताचं तिला कुणीतरी कळवलं होतं. ती पोचली तेव्हा दारात मुलगी उभी होती, आणि ब्रिजितने तिला धरलं आणि मगच खोलीत पाहिलं.

चौथ्या दिवशी दफन झालं. शवपेटी शेजाऱ्यांनीच खांद्यावर नेली, तेवढं अजून आमच्याकडे होतं. नंतरच्या कॉफीसाठी मी माझं बंद कॅफे उघडलं. बेदाण्यांचा पाव, तार्त, पुरुषांसाठी पेकेचे, आमच्याकडच्या कडक दारूचे, छोटे पेले. बेकरीवाल्याने सगळं फुकट दिलं आणि कोपऱ्यात बसून राहिला. पांढऱ्या बुटांचा पोरगाही आला होता, काळ्या बुटांत. तो माझ्याजवळ येऊन काही बोलू पाहत होता, पण मी त्याला नुसतीच कॉफी दिली. त्याचा तरी काय दोष?

सगळे पांगल्यावर कोलीन काउंटरपाशी आली. अपघाताच्याच दिवशी तिचे आतले फोटो काढून झाले होते. तिला काहीएक झालं नव्हतं, एक ओरखडासुद्धा नाही. मनगटावर तेवढी बोटांची निळी खूण होती, ती ओर्तांसची. आदल्या दिवशी तिने मला विचारलं होतं की ती खोली बंद का असायची, आणि मी तिला स्वीडनच्या मुलाचं सगळं सांगितलं होतं. तिच्यापासून ते लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"मावशी," ती म्हणाली, "ती गेली तेव्हा तिला काय वाटत होतं?"

मी भांडी पुसत राहिले.

"तिला वाटत होतं मी मरतेय. हो ना? ती मला तेच सांगत होती, जे त्याला सांगितलं होतं. आणि मी तिला बरं वाटावं म्हणून डोळे मिटले." तिचा आवाज फुटला. "मी मेल्यासारखी पडून राहिले, मावशी. उठून नाचायला हवं होतं. त्या खोलीभर नाचायला हवं होतं मी."

मी फडकं ठेवलं, काउंटरच्या बाहेर आले आणि तिला जवळ घेतलं. ती धडधाकट होती, तिचं काळीज माझ्या अंगाला लागून जोरात धडधडत होतं, आणि ते ओर्तांसला कुणीच ऐकवलं नव्हतं.